‘झेपेल तेवढं चाला’ ही मात्रा नव्हे

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबईतल्या कर्करोग उपचार केंद्रांचे संचालक, वैद्यकीय अधीक्षक आणि डे-केअर केमो विभागांचे प्रमुख

स.न.वि.वि.

स्तनाच्या कर्करोगावर उपचार घेणारी बाई तुमच्या डे-केअरमधून घरी जाते तेव्हा तिच्या फाईलमध्ये सगळं मोजूनमापून लिहिलेलं असतं. डॉक्सोरुबिसिन हे केमोचं औषध किती मिलिग्रॅम, किती सलाईनमधून, किती मिनिटांत. उलटीची गोळी जेवणाआधी की नंतर. पुढची रक्तपेशींची तपासणी (सीबीसी) कोणत्या तारखेला. आणि तळाला एक ओळ: ‘विश्रांती घ्या, जड कामं टाळा, झेपेल तेवढं चाला.’ इतर प्रत्येक गोष्टीला मात्रा आहे, चालण्याला नाही. किती मिनिटं, किती जोरात, आठवड्यातून किती दिवस, कोणत्या दिवशी अजिबात नाही, काय झालं तर थांबायचं, यातलं काहीच त्या कागदावर नसतं. मग ती विश्रांती घेते, कारण त्या ओळीतली तेवढीच सूचना तिला नक्की कळलेली असते.

आम्ही या दोन शहरांत काम करणारे फिजिओथेरपिस्ट आणि केमो वॉर्डच्या परिचारिका आहोत. आमचा संबंध सरळ आहे: तुमचे उपचार संपल्यावर जिन्यात दम लागतो, खांदा वर जात नाही, हात सुजलाय म्हणून ज्या बायका येतात, त्या आमच्याकडे येतात. केमोच्या काळात जे राखता आलं असतं ते नंतर परत मिळवायला कितीतरी जास्त वेळ लागतो, आणि तो खर्चही बहुतेक वेळा तिच्याच पर्समधून जातो. काही केंद्रांत या बाबतीत मनापासून काम चालतं हे आम्हाला ठाऊक आहे. पण ते तिथल्या एखाद्या उत्साही डॉक्टरांमुळे चालतं, व्यवस्था म्हणून नाही. डॉक्टर बदलले की बंद पडतं. बैठकांमधून हे सांगून झालं, म्हणून आता उघड लिहितो आहोत.

हा विषय आता मतामतांचा राहिलेला नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने 2018 मध्ये बोलावलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीचे निष्कर्ष 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी 30 मिनिटं, मध्यम जोराचा एरोबिक (चालणं, सायकल असा दमसास वाढवणारा) व्यायाम किमान 8 ते 12 आठवडे केला तर कर्करोगाच्या रुग्णांचा थकवा, चिंता आणि उदासी कमी होते, रोजची कामं सुधारतात, हे त्यात स्पष्ट आहे. 2022 मध्ये अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कोलॉजीने एक पाऊल पुढे टाकलं: बरं करण्याच्या उद्देशाने उपचार चालू असतानाच डॉक्टरांनी एरोबिक आणि ताकदीचा व्यायाम सुचवावा, असं मार्गदर्शक तत्त्वांत लिहिलं. म्हणजे उपचार संपल्यावर बघू, असं नव्हे. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2016 च्या आढाव्यात स्तनाच्या कर्करोगाच्या केमो-रेडिएशनदरम्यान केलेल्या व्यायामाचे 32 अभ्यास, 2626 स्त्रिया होत्या. दमसास आणि ताकद सुधारते, थकवा थोडा कमी होतो, असा त्याचा सावध निष्कर्ष. आम्हाला हा ‘थोडा’ शब्द आवडतो, कारण तो खरा आहे. चमत्कार कुणी सांगितलेला नाही.

आता तक्रारी.

एक. थकवा म्हणजे विश्रांतीची गरज, हे समीकरण तुमच्या ओपीडीतूनच घरोघरी जातं. केमोचा थकवा झोपून जात नाही. पडून राहिलं की काही आठवड्यांतच हृदय एका ठोक्याला कमी रक्त फेकायला लागतं, पायांचे स्नायू बारीक होतात, त्यांची प्राणवायू वापरायची क्षमता घटते. वर केमोने हिमोग्लोबिन उतरलेलं, आणि उलटी थांबवायला दिलेलं डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड स्नायू झिजवतं. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 248 रुग्ण स्त्रियांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता मोजली होती. ती त्याच वयाच्या, व्यायाम न करणाऱ्या निरोगी बायकांपेक्षा सरासरी 27 टक्के कमी भरली. कमाल क्षमताच घसरली की भाजी आणणं, दोन बादल्या कपडे वाळत घालणं, ठाणे स्टेशनचा पूल चढणं यांत तिचा मोठा हिस्सा संपतो. बाई म्हणते थकले. घरचे म्हणतात पडून राहा. आणखी क्षमता जाते. शिवाय कर्करोग, केमो, नंतर टॅमॉक्सिफेन ही हॉर्मोनची गोळी या सगळ्यांनी पायाच्या नसांत गुठळी होण्याचा धोका वाढतो, आणि सलग पडून राहणं त्यात भर घालतं. ‘विश्रांती घ्या’ हा निरुपद्रवी सल्ला आहे, असं समजून तो लिहिला जातो. तो तसा नाही.

दोन. केमोच्या सायकलचं, म्हणजे एका डोसपासून पुढच्या डोसपर्यंतच्या दिवसांचं, गणित कुणी समजावत नाही. दर 21 दिवसांनी केमो असेल तर तीन आठवडे एकसारखे नसतात. पहिले एक-दोन दिवस स्टेरॉइडमुळे बाईला बरं वाटतं. ती कपाटं आवरायला घेते, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोसळते. मग तिला वाटतं आपण काम केलं म्हणून असं झालं. खरं तर स्टेरॉइड उतरलेलं असतं. साधारण 7 ते 14 या दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला असतात. तेव्हा चालणं बंद करायची गरज नाही, गर्दी टाळायची गरज असते. संध्याकाळी तलावपाळीवर भेळ-पाणीपुरीच्या गाड्यांमधून वाट काढत फिरण्यापेक्षा सकाळी कचराळी तलावाला किंवा सोसायटीच्या पोडियमवर फेऱ्या घालाव्यात. पेशी वाढवायचं इंजेक्शन घेतलेलं असेल तर कंबर आणि मांड्यांची हाडं ठणकतात. ते दुखणं चालल्यामुळे आलेलं नाही, हेही कुणीतरी आधी सांगायला हवं. तिसरा आठवडा सगळ्यात चांगला. मिनिटं वाढवायची ती या आठवड्यात. हा चढउतार आखून दिला नाही तर ती एका वाईट दिवशी सोडते आणि परत धरत नाही.

तीन. नाडीवर भरवसा. ‘220 वजा वय’ हे कमाल नाडी काढायचं सूत्र जिममध्ये ठीक असेल, पण केमोच्या रुग्णाला ते फसवतं. रक्त कमी, पाणी कमी, ताप येऊन गेलेला. बसल्याजागी नाडी 95. उलट नाडी मंद ठेवणारी बीटा-ब्लॉकर गोळी चालू असेल तर कितीही जोर लावा, नाडी वर जात नाही. मनगटावरच्या घड्याळाने ‘फॅट बर्न’ दाखवलं म्हणून मुलगा आईला जोरात चालवतो, असेही प्रकार होतात. इथे दोनच गोष्टी चालतात. बोलून बघणं: वाक्य पूर्ण बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येता कामा नये. आणि किती जोर लागतोय ते रुग्णाने स्वतः 0 ते 10 मध्ये सांगायची बोर्ग पट्टी: 3 ते 5 च्या दरम्यान राहायचं. निरोगी माणसाला मिनिटाला 100 पावलं म्हणजे मध्यम जोर. चौथ्या केमोनंतर 80 पावलांतच तो जोर लागू शकतो, आणि त्या दिवशी 80 हेच बरोबर असतं.

चार. शस्त्रक्रिया झालेल्या बाजूचा हात. ‘त्या हाताने काही उचलू नका, आयुष्यभर.’ हे वाक्य आजही डिस्चार्जच्या वेळी सांगितलं जातं. 2009 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये 141 स्त्रियांवरचा अभ्यास आला. सगळ्यांना आधीच हाताला सूज होती. निम्म्यांनी देखरेखीखाली, हळूहळू वाढवत वजनं उचलली. सूज वाढली नाही. उलट सूज अचानक भडकण्याचे प्रसंग त्यांच्यात कमी होते. त्यालाही आता किती वर्षं झाली! वजन उचलू नका म्हणण्यापेक्षा अर्ध्या किलोपासून सुरू करा, दर एक-दोन आठवड्यांनी थोडं वाढवा, हात जड वाटला तर मागे या, हे सांगणं जास्त सुरक्षित आहे. कारण न वापरलेला हात कमजोर होतो आणि मग एक दिवस पाहुणे आले म्हणून गादी उचलताना जो ताण बसतो, तोच महागात पडतो.

चालताना या हाताचं काय करायचं, हेही सांगावं लागतं. अर्धा तास हात खाली लोंबकळत ठेवून चाललं की काखेतल्या गाठी काढलेल्या बाईची बोटं जाड होतात, अंगठी रुतते. दर पाच मिनिटांनी हात खांद्याच्या उंचीला आणून मूठ दहा-पंधरा वेळा उघडझाप करायची. दाबाची बाही दिलेली असेल तर ती चालायला निघण्याआधी घालायची, सूज आल्यावर नाही. मे महिन्यात आपल्याकडच्या दमट हवेत ती बाही आणि सिलिकॉनचं कृत्रिम स्तन दोन्ही घालून चालणं म्हणजे छातीच्या टाक्यांवर घामाने पुरळ. चालण्यापुरतं सुती, हलकं भरलेलं कृत्रिम स्तन वापरावं, घरी आल्यावर त्वचा कोरडी करावी. रेडिएशन चालू असेल तर त्या जागी घासणारं काहीच नको, आणि क्लोरिनच्या पाण्यात पोहणंही नको. ही माहिती द्यायला पाच मिनिटं लागतात. ती न दिल्यामुळे चालणं सुटलेल्या बायका आम्ही रोज बघतो.

पाच. मर्यादा सांगितल्या जात नाहीत, म्हणून भीती राहते किंवा भलतं धाडस होतं. कोणत्या दिवशी व्यायाम नाही? ताप 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त (तेव्हा व्यायामाचा प्रश्नच नाही, थेट तुमच्याकडे यायचं), गेल्या 24 तासांत सारख्या उलट्या किंवा जुलाब, बसल्याजागी नाडी 100 च्या वर, हिमोग्लोबिन 8 च्या खाली, चक्कर. प्लेटलेट 50 हजारांच्या खाली असतील तर वजनं नाहीत, पडण्याची शक्यता असलेलं काही नाही. छातीत दुखलं, सपाटीवर अचानक दम लागला, एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली तर थांबायचं आणि त्याच दिवशी दाखवायचं. डॉक्सोरुबिसिन किंवा ट्रॅस्टुझुमॅब ही हृदयावर परिणाम करू शकणारी औषधं घेणाऱ्या बाईचा टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) फाईलमध्ये असतोच. तो व्यायाम ठरवणाऱ्याच्या हातात पोचत नाही. कर्करोग हाडांत असेल तर उड्या, कंबरेतून पिळणं आणि वाकून वजन उचलणं बंद. मात्र चालणं सगळ्यांचं बंद करायचं नसतं, कोणतं हाड, किती पोखरलेलं, हे स्कॅन बघून ठरवायचं असतं.

पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध घेणाऱ्यांचं वेगळंच. तळपायाला मुंग्या, बधिरता. चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवर अंधारात चालणं हा त्यांच्यासाठी व्यायाम नव्हे, अपघाताची तयारी आहे. मागे टाच धरणारे, पट्टीचे बूट, उजेड, सपाट जागा. नाहीतर घरात स्थिर सायकल. कॅपेसिटाबिन या केमोच्या गोळीने तळवे लाल होऊन सोलत असतील तेव्हाही लांब चालण्यापेक्षा सायकल बरी. ‘चाला’ हा एकच शब्द सगळ्यांना पुरत नाही तो यामुळे.

सहा. हॉर्मोनच्या गोळ्यांची वर्षं तर कुणाच्याच खात्यात नाहीत. लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोल या गोळ्यांनी बोटं आणि गुडघे आखडतात आणि काही बायका गोळी परस्पर सोडतात. 2015 च्या एका अभ्यासात अशा 121 स्त्रियांपैकी निम्म्यांना वर्षभर आठवड्याला 150 मिनिटं एरोबिक आणि दोनदा ताकदीचा व्यायाम दिला; त्यांच्या सर्वांत वाईट दुखण्याचा आकडा 29 टक्क्यांनी उतरला, दुसऱ्या गटात फरक पडला नाही. गोळी चालू राहावी म्हणून तरी हे तुमच्या कामाचं आहे.

योगाचं काय, असं विचारलं जातं. टाटा मेमोरियलने 850 स्त्रियांवर केलेल्या योगाच्या अभ्यासाचे निष्कर्ष 2022 मध्ये सॅन अँटोनिओच्या परिषदेत मांडले गेले, ते आम्हाला महत्त्वाचे वाटतात. आमचा योगाला विरोध नाही. पण प्राणायाम आणि हलकी आसनं करून दमसास फारसा वाढत नाही. योगाचा कागद दिला म्हणून एरोबिकचा कागद द्यायची गरज संपत नाही.

एक सावधगिरीही. व्यायाम केला तर कर्करोग परत येत नाही, असं कुणी रुग्णाला सांगू नये. 2005 मध्ये ‘जामा’ या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या स्तनाचा कर्करोग झालेल्या 2987 परिचारिकांच्या पाहणीत, आठवड्याला तीन ते पाच तास चालण्याइतका व्यायाम करणाऱ्यांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सर्वांत कमी व्यायाम करणाऱ्यांच्या जवळपास निम्मे होते. पण ती पाहणी होती, चाचणी नव्हती. ज्या मुळात बऱ्या होत्या त्याच जास्त चालल्या असतील. 2025 मध्ये रीतसर चाचणीतून व्यायामाने आयुष्य वाढल्याचं दिसलं ते मोठ्या आतड्याच्या कर्करोगात. ते इकडे चिकटवू नये. नाहीतर उद्या आजार उलटला की घरचे म्हणणार, चालली नाहीस म्हणून. हे ओझं त्या बाईवर टाकण्याचा हक्क आपल्याला नाही.

आम्ही मागतो ते असं.

पहिल्या केमोआधी प्रत्येक बाईची सहा मिनिटांची चालण्याची चाचणी व्हावी. 30 मीटरचा सरळ कॉरिडॉर, दोन टोकांना दोन खुर्च्या, स्टॉपवॉच, बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आणि भिंतीवर बोर्ग पट्टी. एवढंच लागतं. आकडा सीबीसीशेजारी लिहावा, आणि दर दोन सायकलनंतर पुन्हा मोजावा. शस्त्रक्रियेआधी दोन्ही हातांचे घेर टेपने मोजून ठेवावेत; नंतर मोजलं तर तुलना कशाशी करणार?

फाईलमध्ये मराठीतलं एक पान असावं, त्यावर डॉक्टरांची सही असावी. कसं, ते उदाहरणाने सांगतो. ‘एसी’ची (डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फमाइड या केमोची) दुसरी सायकल, हिमोग्लोबिन 10, इको व्यवस्थित, आधी व्यायामाची सवय नाही. दिवस 1: फक्त घरात फेऱ्या. दिवस 2 ते 5: सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं, बोर्ग 2 ते 3. दिवस 6 ते 13: एका वेळी 15 ते 20 मिनिटं, आठवड्यात पाच दिवस, गर्दी टाळून. दिवस 14 ते 21: 25 ते 30 मिनिटं, बोर्ग 3 ते 5, सुरुवातीची आणि शेवटची पाच मिनिटं हळू. आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून दहा वेळा उठबस आणि भिंतीला हात टेकून दहा दंड, दोन-दोन फेऱ्या. आधी मिनिटं वाढवायची, मग वेग. दोन्ही एकदम नाही. पावसाळ्यात घरातच जागेवर पावलं, गुडघे उचलून. खाली थांबायची लक्षणं आणि फोन नंबर. इतकं छापील असलं की नवरा, मुलगी, शेजारीण कुणीही ते पाळून घेऊ शकतं.

केमोच्या दिवशी डे-केअरमध्ये फिजिओथेरपिस्ट हजर असावा. सलाईन चालू असताना बाई तशीही काही तास तुमच्याच खुर्चीत असते. त्यासाठी तिला ऐरोली किंवा कळव्याहून वेगळी खेप घालायला लावू नका. मधल्या आठवड्यात एक फोन पुरतो, पण तो केंद्राकडून गेला पाहिजे.

उपचार संपल्यावर 12 आठवड्यांचा देखरेखीखालचा वर्ग, आठवड्यातून दोनदा; त्यातली एक तुकडी नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळची. चार स्थिर सायकली आणि अर्धा ते तीन किलोचे डंबेल्स पुरेत. मोठ्या जिमचं उद्घाटन नको, बंद न पडणारी खोली हवी. आणि हा खर्च रुग्णाच्या बिलात वेगळी ओळ म्हणून न दाखवता उपचाराच्या पॅकेजमध्येच धरावा. वेगळी ओळ दिसली की घरातलं पहिलं काटछाटीचं नाव तेच असतं.

 

पानाचा मसुदा आणि बोर्ग पट्टीचं मराठी रूप आम्ही विनामूल्य करून द्यायला तयार आहोत. परिचारिकांना चाचणी शिकवायला एक दुपार पुरते, तीही आम्ही देऊ. कॉरिडॉर, सही आणि फिजिओथेरपिस्टचा पगार एवढं तुमच्याकडून हवं. पुढच्या तिमाहीच्या आत कोणती केंद्रं हे सुरू करणार, ते लेखी कळवावं.

आपले,
ठाणे आणि नवी मुंबईत कर्करोग रुग्णांसोबत काम करणारे फिजिओथेरपिस्ट व परिचारिका